पिल्लांची मरळ

गळाला लागलेली मरळ ओढून डोंग्यात घेतली आणि चांदण्यात पाण्यावर बारीक पिल्लांचा घोळका दिसला. ही त्यांची आई होती.

मित्रहो, काल रात्री अडाण नदीच्या डोहात मी एकटाच होतो. बायको तापातून उठली आहे. वैद्यांनी तिला मरळीचा रस्सा द्यायला सांगितलं आहे. आपली लहान होडी, हा डोंगा, देताना किसन भोई म्हणाला होता, "मास्तर, पिल्लंवाली मरळ सोडून द्या बरं. आमी तिले धरत नाही."

मरळ रात्रभर पायाशी धडपडत होती. सोडायला दोनदा उचलली, दोनदा खाली ठेवली. दुसरी लागलीच नाही. तुम्ही काय केलं असतं?

सकाळी किसन काठावर होता. "गावली काय मास्तर, का नुसते डास मारले रातभर?"

मी नाही म्हणालो. हातातली पिशवी हलत होती.

"बाईले बरं वाटू द्या," पिशवीकडे पाहून म्हणत त्यानं डोंगा ओढून घेतला.