ठिपक्यांचा कागद

एमएस्सीला असताना मी बेरियम टायटॅनेटच्या वड्या भाजत असे. पांढऱ्या भुकट्या खलात घोटायच्या, भट्टीत भाजायच्या, दाबून वडी करायची, पुन्हा भाजायची. तयार वडी मी कानाशी धरून वाजवायचे, जशी काय माठच विकत घेतेय.

या पदार्थाच्या स्फटिकात अणूंचे पिंजरे असतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात टायटॅनियमचा अणू, पण मधोमध नव्हे. जरा वर नाहीतर जरा खाली. विजेचा दाब दिला की तो बाजू बदलतो आणि दाब काढला तरी तिथेच राहतो. म्हणजे लक्षात ठेवतो. फार बारीक केलं तर हा गुण मरतो, असं मी पुढे कॉलेजात खडू मोडेपर्यंत शिकवलं. किती बारीक, हे एकाही पोराने विचारलं नाही, ही देवाची कृपा.

आता माझी नात त्याच पदार्थाचे ठिपके करते. आमच्या मळ्यापासून तिची प्रयोगशाळा जवळच, रस्त्याला लागून. ठिपका एवढा लहान, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ती म्हणाली, ठिपके जिच्यावर हवेत त्या गुळगुळीत पट्टीवर बारीक भोकांची पापुद्र्यासारखी जाळी ठेवायची, समोरच्या वडीवर लेझर मारायचा. उडालेला माल भोकांतून पडतो. जाळी काढली की ठिपके.

"अगं, हा तर रांगोळीचा कागद," मी म्हटलं. उदबत्तीने भोकं पाडलेला तसा कागद सासूबाईंकडे होता. मला पदवीचा तोरा. कागद म्हणजे लबाडी, म्हणून मी हाताने ठिपके काढायचे. माझी रांगोळी उंबऱ्यापाशी सुरू व्हायची आणि तिरकी तिरकी गोठ्याकडे निघायची.

"आणि वडी कुठली?"

"तुझ्याच पद्धतीची. लेझरपुढे उभी करायला बरी."

आदल्या दिवशी तिने काही ठिपके सुईने विजेचा दाब देऊन उलटवले होते. ते तसेच राहिलेत का, ते आज कळणार होतं. नसले तर विषय बदल, असं तिच्या सरांनी बजावलेलं. सकाळी तिने भाकरी नुसती कुस्करली. म्हणून मी सोबत गेले.

तीच सुई ठिपक्यांवरून फिरून पडद्यावर चित्र काढते, आणि ती इतकी हळवी, की रस्त्याने खडीचा डंपर गेला तरी चित्र विस्कटतं. त्यामुळे मोजणी डंपरवाल्यांच्या जेवणाच्या वेळेत. गेटवरच्या वॉचमनने दारातून डोकं घातलं.

"ताई, शेवटचाबी धाब्याला लागला बगा. करा आता."

"आजी, पाय हलवायचा नाही. खोकायचं नाही."

"श्वास घेऊ का?"

"थोडा."

पडद्यावर ओळीखाली ओळ उमटू लागली. वरच्या ओळींतले ठिपके तिने उलटवलेलेच नव्हते, ते काळे. नातीने माझं मनगट घट्ट धरलं. मग जिथे यायला हवा होता तिथे एक पांढरा ठिपका आला. त्याच्या शेजारी दुसरा. हळूहळू अख्खा चौकोन, काल तिने मांडला होता तसाच. रात्रभर ना दाब, ना कुणाचा हात. मी जो गुण मेला म्हणून सांगत आले, तो इतक्या इवल्या जागेत आपली बाजू धरून बसला होता.

बाहेर डंपर सुरू झाला आणि चित्राची शेवटची ओळ थरथरली.

"झालं आजी. आता हललीस तरी चालेल," नात डोळे पुसत म्हणाली.

मला हलवेना.