देव, पितळी, नग पाच

परवा रविवारी सकाळी जयगड रोडवरच्या आमच्या घरी आम्ही दोघं गेलो होतो. 'आमच्या' म्हणायचं, कारण कागदावर ते दोन महिन्यांपासून आमचं आहे... राहायला मात्र अजून गेलेलो नाही.

दोन भावांच्या भांडणात कोर्टाने हे घर रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टानेच नेमलेल्या वकिलांच्या, ताब्यात दिलं आणि त्यांनी ते लिलावात विकलं. आम्ही घेतलं. रत्नागिरीत बारा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर अंगण असलेलं घर दिसलं की माणूस अटी नीट वाचत नाही. 'आहे तसं, आहे त्या स्थितीत' ही अट वाचून मी तर हसले होते.

मग हसू पळालं. बँकेने लोन द्यायला खळखळ केली, धाकट्या भावाने विक्रीला हरकत घेतली, तारखांवर तारखा... एरवी जुना मालक हद्द दाखवतो, जागेच्या चार गोष्टी सांगतो. इथे विचारायचं कोणाला? रिसीव्हर साहेब माणूस सज्जन, पण त्यांना घराची फक्त फाईल माहीत.

शेवटी सील काढलं, तर देव्हाऱ्यात देव तसेच! ते कोणी न्यायचे यावर भावांचं जमलं नाही, म्हणून घराबरोबर तेही सील झालेले. यादीत कपाट, पाट, तांब्याचा बंब आणि त्याखाली चक्क लिहिलंय... 'देव, पितळी, नग पाच.' चार वर्षं बिनपूजेचे.

यादीतलं सामान दोघा भावांनी एकत्र सही करून न्यायचं, तोवर हलवायचं नाही, असा हुकूम. मी दोघांना फोन केले. थोरले म्हणाले, त्याच्याबरोबर एका कागदावर सही करणार नाही. धाकट्याने फोनच कापला.

इकडे मिस्टर अडून बसले. "दुसऱ्याचे देव पारोसे ठेवून आपण इथे चूल पेटवायची नाही." आणि भाड्याची जागा तर महिनाअखेर सोडायची आहे. खरं सांगते, रडायलाच येत होतं.

तर रविवारी झाडलोट करत होतो, तेव्हा साठीच्या एक बाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मंडणगडहून पहाटेच्या एसटीने आलेल्या... त्या दोन भावांची बहीण. भावांत वाद नको म्हणून त्यांनी स्वतःचा हिस्सा आधीच सोडून दिला होता. त्याचा उपयोग काय झाला ते दिसतंच आहे.

"मला काही न्यायचं नाही हो," त्या म्हणाल्या. "देवांना आंघोळ घालत्ये, दिवा लावत्ये नि जात्ये."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी एकेक देव घासला, पुसला, परत जागेवर ठेवला. मग पिशवीतून नारळ काढून समोर ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"देवा महाराजा, आजवर आमचा सांभाळ केलास. माझ्या भावांना बुद्धी झाली नाही, त्याचा राग ह्यांच्यावर धरू नको. आता ही माणसं इथे राहतील. त्यांना आपली म्हण."

मागून मिस्टर "होय महाराजा" म्हणाले.

चहासुद्धा न घेता निघाल्या. जाता जाता विहिरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मे महिन्यात तळ गाठत्ये हो, पाणी जपून काढा."

दुपारी थोरल्या भावाचा फोन. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वतःहून.

"बहीण आली होती म्हणे... काय काय नेलंन?"

"काही नाही," एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला.

या शनिवारी राहायला जातोय. आनंद व्हायला हवा, तो काही होत नाहीये. 'घर तुमचंच आहे, माहेरपणाला या' असं त्या बाईंना म्हणायचं मला तेव्हा सुचलंच नाही... आणि फोन नंबरही घेतला नाही.