टाकीच्या पोटातला फोटो

दुष्काळात आमच्या नव्या वसाहतीची टाकी टँकरनं भरायची आणि भिंतीतून पाझरून रिकामी व्हायची. ठेकेदाराचं एकच तुणतुणं: "वरवरची भेग आहे, प्लास्टर मारतो." दर वेळी मारलं, दर वेळी गळलं. खोटं बोलायलाही काही लाज हवी!

भिंतीतून सुटलेला काँक्रीटचा तुकडा मी ओल्या गोणपाटात गुंडाळून प्रयोगशाळेत नेला. काँक्रीट ओलं ठेवायचं असतं, एवढंच मला ठाऊक. तिथल्या मॅडम हसल्या. "तापातल्या लेकरासारखं काय गुंडाळलंय? आधी वाळू द्या. पाण्यानं भरलेली छिद्रं नीट दिसत नाहीत."

वाळलेला तुकडा यंत्रात गोल फिरला, सगळ्या बाजूंनी क्ष-किरण आरपार गेले आणि न कापताच त्याचं पोट पडद्यावर चकती-चकतीनं उघडलं. बारीक छिद्रं एकमेकांना जोडत आतून थेट बाहेरपर्यंत गेली होती.

ते चित्र गुलमंडीच्या बाजारात मोठं छापून आम्ही टाकीवरच चिकटवलं. ठेकेदाराची माणसं पुन्हा प्लास्टर घेऊन आली, तेव्हा शेजारची मावशी शिडी अडवून बसली.

"पोटात चाळणी अन् तोंडाला पावडर व्हय रं? भिंत पाडणार असाल तरच चढा."

आम्ही सगळे तिच्या मागं उभे राहिलो. त्या दिवशी शिडीवर कुणीही चढलं नाही.