दर बाभळीला थांबणारी मोटर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि वैद्यांना सांगितलं तेही अर्धंच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ वळेल असं वाटतंय — बघू. मध्येच मी माझ्या मोटरीचं कौतुक करायला लागलो तर तेवढं सोसून घ्या. ते केल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही.

मी देशमुख. गावाचं नाव कशाला, चौसाळ्यापासून जवळ आहे एवढं पुरे. तरुणपणी तालमीत माझ्याशी कुस्ती धरायला आसपासच्या गावांतला गडी दोनदा विचार करायचा. घोडा असा दौडायचो की नांदूरघाटच्या बाजारात लोक मागे वळून बघत. पन्नाशीला आलो तरी एक दात हलला नव्हता, भाजलेले हरभरे कडाकड फोडून खायचो, आणि मुद्दाम चार लोकांत खायचो. आता हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण जे झालं ते याच्यामुळेच झालं.

सकाळी आमच्या ओट्यावर मंडळी जमायची. बापूराव पाटील, आमचे शेजारी, रोजचेच. चहा यायचा आणि दुखणी सुरू व्हायची. बापूरावांचे गुडघे. कुलकर्ण्यांच्या पोटातला वारा. कुणाचा खोकला, कुणाची पाठ. प्रत्येकाचं दुखणं दुसऱ्यापेक्षा मोठं, आणि ते सांगतानाही असे सांगायचे जणू इनाम मिळालंय. मग सगळे माझ्याकडे बघायचे. मी काय सांगणार? मला काही होतच नव्हतं. खरं सांगू, त्या बैठकीत माझी जरा पंचाईतच व्हायची — आणि ती मला फार आवडायची.

पुढे मी मोटर घेतली. आमच्या भागात खाजगी मोटर पहिली माझी. काळी, वर उघडमिट करता येणारा टप, बाजूला पितळी भोंगा, रबराचा फुगा दाबला की बैलं बुजायची आणि माणसं वाकून नमस्कार करायची. नमस्कार मला की मोटरीला, ते मी कधी तपासलं नाही. आता मलाही ओट्यावर रडगाणं मिळालं. टायर फाटतात, पेट्रोलचे डबे बीडहून आणावे लागतात, थंडीत हँडल उलटं मारतं, धुळीनं मडगार्डची रया जाते. ते आपल्या हाडांचं गात, मी माझ्या मोटरीचं. सगळ्यांना कळत होतं की हे रडगाणं नाही, मिशीला दिलेला पीळ आहे. कळावं म्हणूनच तर गात होतो.

मोटर चालवायला कासीम होता. बीडचा. हाडकुळा, कमी बोलणारा, तिशीतला. त्याची बायको-पोरं बीडला सासऱ्याकडे, कारण आमच्या गावात त्याला एकट्यापुरती गोठ्यालगतची खोली होती. कोर्टाच्या तारखेला मी बीडच्या कचेरीत गेलो की तेवढ्यात तो घरी जाऊन यायचा. त्याच्या हातात मोटर लोण्यासारखी चालायची. हे वाक्य नीट ऐकून ठेवा, कारण जिथे बोलायला हवं होतं तिथे मी ते बोललो नाही.

आणि मग — कसं सांगू? — पन्नाशी उलटली आणि मला लघवीचा त्रास सुरू झाला. त्रास म्हणजे दुखत नव्हतं. थांबत नव्हतं. घटकेघटकेला उठावं लागायचं, आणि आलेली कळ दाबता यायची नाही. वैद्यांनी सराट्याचा काढा दिला. तो मी घरात ताकदीचा म्हणून प्यायलो.

बैलगाडीत असलं काही अडत नाही, बरं का. माणूस चालत्या गाडीतून उतरतो, बांधाआड जातो, चार ढांगा टाकून पुन्हा गाडी गाठतो. कुणी विचारतही नाही. पण मोटर? ती थांबवावी लागते. आणि थांबवायची तर सांगावं लागतं — का. माझ्यासारख्यानं, चारचौघांत, मागे पाहुणे बसलेले असताना, दर दीड कोसाला सांगायचं?

पहिल्यांदा झालं ते बीडला जाताना. मागे बापूराव आणि त्यांचे व्याही. मांजरसुंब्याचा घाट जवळ आला आणि माझा धीर सुटला. मी बोललो काहीच नाही, फक्त काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. कासीमनं एकदा वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. पुढच्या बाभळींपाशी त्यानं मोटर बाजूला घेतली आणि म्हणाला, "सरकार, इंजन तापलंय. जरा उतरावं लागतंय. पानी बघतो."

इंजन तापलं नव्हतं. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मी कपाळाला आठ्या घालून उतरलो, कुठे ओढा आहे का बघतो म्हणालो, आणि बाभळींमागे गेलो. परत आलो तर तो बॉनेट उघडून आतलं स्वच्छच असलेलं काहीतरी फडक्यानं पुसत होता. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. ते न बघणं किती मोठ्या मनाचं होतं, ते तेव्हा कळलं नाही असं म्हणू का? कळलं होतं.

आणि मी काय केलं? शरीर हलकं झालं होतं, मागे पाहुणे ऐकत होते. मी आवाज चढवला. "निघताना बघायला काय झालं होतं रे? झोपला होतास?"

"चुकलं, सरकार," तो म्हणाला.

म्हणजे बघा — खोटं पहिल्यांदा तो बोलला, माझी लाज राखायला. आणि त्याच खोट्यासाठी मी त्याला चारचौघांत झापलं.

पुढे ते अंगवळणीच पडलं. मी काठीनं पायाखालच्या फळीवर दोनदा टकटक करायचो, तो सोयीची बाभळ बघून थांबायचा. याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, शपथ घेऊन सांगतो. तो मोटरीला रोज नवं दुखणं काढायचा — आज पेट्रोलात कचरा, उद्या पट्टा ढिला. मी रोज नवा राग काढायचो. बहुरूप्यांनी तोंडात बोटं घालावीत अशी आमची जोडी जमली होती. त्यातही मला ऐट वाटायची, आता काय लपवायचं तुमच्यापासून. देशमुखानं सोंग आणलं तर तेही अव्वलच आणलं.

पण लोकांना तोंडं असतात. बाजारात बोलायला लागले, देशमुखांची मोटर दर बाभळीला थांबते. ओट्यावर बापूराव गुडघे चोळत म्हणायचे, "आमचे गुडघे न् तुमची मोटर, दोनी सारखेच." सगळे हसायचे. मी हसायचो नाही. माझ्या मोटरीला कुणी हसावं? मी रागानं सोलापूरहून मिस्त्री बोलावला. त्यानं सगळ्यांसमोर इंजन उघडून बघितलं आणि मोटर उत्तम आहे म्हणाला. ती उत्तम आहे हे मला ठाऊकच होतं, पण ते लोकांसमोर कुणीतरी म्हणायला हवं होतं. या हौसेपोटी मी काय करून बसलोय ते मिस्त्री गेल्यावर लक्षात आलं.

बापूराव म्हणाले, "मोटर चांगली हाय, मंग थांबती कावून? डायवरच कच्चा हाय तुमचा."

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. एक शब्द. माणसाला खाली ढकलायला फार जोर लागत नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. हैदराबादच्या सरकारनं रस्त्यांवर स्वतःच्या मोटरी चालवायला घेतल्या होत्या आणि बीडला चालक हवे होते. कासीम माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"सरकार, बीडला सरकारी मोटरी सुरू व्हायल्यात," तो म्हणाला. "मोठे साहेब उद्या हिकडून जानार हायती. तुमी येक शबद टाकला तं माजं काम होतंय. लेकरं तिकडंच हायती. लई दिवस झाले असं येगळं येगळं ऱ्हाऊन."

"टाकतो की," मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो. त्या रात्री मला चांगली झोप लागली — म्हणजे माझ्या दुखण्यानं लागू दिली तेवढी.

साहेब आले. ओट्यावर गालिचा घातला होता, चहा झाला, मंडळी झाडून सगळी हजर. कासीम खाली मोटरीपाशी उभा, स्वच्छ कपडे घातलेला, हातात फडकं. मी त्याचं नाव काढलं. साहेबांनी सरळ विचारलं, "देशमुख साहब, आदमी कैसा है? गाडी सँभालता है?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बापूराव हसत म्हणाले, "साहेब, त्यो दर बाभळीला थांबतो." सगळा ओटा हसला. साहेब माझ्याकडे बघायला लागले.

आता तुम्हीच सांगा, काय अवघड होतं? मोटर कधीच बिघडली नाही, मीच थांबवत होतो, एवढंच सांगायचं होतं. का थांबवत होतो तेही सांगायची गरज नव्हती, म्हातारी माणसं होती सगळी, समजून गेली असती. बरं, ते नको, तर मोटरच खराब आहे म्हणायचं. तेवढंही पुरलं असतं. पण मिस्त्रीनं मोटर उत्तम ठरवली होती, याच मंडळींसमोर. आणि खरं कारण तेही नाही. हैदराबादच्या साहेबांपुढे माझी मोटर खराब आहे हे माझ्या तोंडून निघेना. माझं शरीर, माझी मोटर आणि तो माणूस — तिघांपैकी एकाला नावं ठेवायची होती. मी माणूस निवडला.

"आदमी ईमानदार है," मी म्हणालो, "लेकिन गाडी उसके हाथ में टिकती नहीं."

अगदी शांतपणे म्हणालो. आवाज कापलासुद्धा नाही. साहेबांनी मान डोलावली आणि विषय पिकांवर गेला.

कासीमला ऐकू गेलं होतं. त्यानं एकच वाक्य बोलणं पुरेसं होतं, सरकारला सारखं उतरावं लागतं म्हणून मी थांबतो. एका वाक्यात त्याचं काम झालं असतं आणि माझी ओट्यावरची जन्माची ऐट संपली असती. मी वाट बघत होतो, हो, त्या वाक्याचीच वाट बघत होतो. तो बोलला नाही. साहेब निघाले तेव्हा त्यांची मोटर सुरू होईना. त्यांचा चालक हँडल मारून मारून घामाघूम झाला. कासीम पुढे झाला, त्यानं काहीतरी हलवलं आणि एका झटक्यात मोटर सुरू करून दिली. साहेबांनी बघितलं नाही, ते बापूरावांशी बोलत होते. मी बघितलं.

मला वाटलं, आता हा नोकरी सोडेल, निदान तोंड तरी फुगवेल. पुढच्या तारखेला आम्ही बीडला निघालो. घाटाच्या अलीकडे मला राहवेना. मी किती वेळ काठी तशीच धरून बसलो होतो — कुठल्या तोंडानं वाजवायची? शेवटी मी ती वाजवलीच नाही. त्यानंच मोटर बाजूला घेतली.

तो माझ्याकडेच राहिला. दुसरा कोण ठेवणार होता त्याला? देशमुखांनीच सांगितलेलं, याच्या हातात गाडी टिकत नाही. हे बोलणं माजलगावपर्यंत पोचलं होतं. पुढे मोटर जुनी झाली, मी विकली, तर तो माझ्याच शेतीचं बघायला लागला. पोरं बीडला मोठी झाली. तो पाहुण्यासारखा जाऊन यायचा.

मीही म्हातारा झालो. दात गेले. आणि गंमत बघा, माझं ते दुखणं लपून राहण्यासारखं उरलंच नाही. ओट्यावर बसल्या बसल्या मी चारदा उठतो हे सगळ्यांना दिसायला लागलं. कुणी हसलं नाही. बापूरावांनी तर त्यांच्या मेहुण्याला दिलेलं औषध मला सांगितलं. मग मीही मोकळेपणी माझं रडगाणं गायला लागलो, आणि इतरांपेक्षा चढ्या आवाजात. ज्यासाठी एवढं केलं, ते असं चहाबरोबर चघळण्याइतकं साधं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर कासीम तापानं गेला. आमच्याच गावात. बीडहून माणसं येईपर्यंत थांबलो, मग सगळा गाव मातीला गेला. मी काठी टेकत शेवटपर्यंत चालत गेलो, आणि मला त्याचा अभिमान वाटला — माझ्या चालण्याचा. सांगतो म्हटलंय ना, मग हेही सांगतो.

परत आल्यावर मंडळी ओट्यावर टेकली. कासीमचा म्हातारा सासरा पायरीशी बसला होता. वर ये म्हटलं तर आला नाही. चहा आला. मग बापूराव म्हणाले, आणि चांगल्या मनानंच म्हणाले, "मानूस लई इमानी व्हता. पर मोटर काय त्याला जमली न्हाई."

सासऱ्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. बापूरावांकडे नाही. माझ्याकडे. आता राखण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. मोटर नव्हती, दात नव्हते, दुखणं साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर तो म्हातारा ते घेऊन बीडला, कासीमच्या पोरांकडे गेला असता.

मी चहाचा घोट घेतला, आणि बापूरावांच्या बोलण्यावर मान हलवली — हो म्हणून.