हनुवटीवरचा तीळ

जुन्या सिनेमांना रंग चढवून पुन्हा थिएटरात लावायची टूम निघाली, तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम करत होते आणि लग्नाचं नाव काढू देत नव्हते म्हणून आई-आप्पांच्याच घरी होते. आप्पा नुकतेच सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. त्यांना घरात करमत नव्हतं आणि ते दिवसभर घरात असल्यामुळे आम्हा दोघींनाही करमत नव्हतं. एका रविवारी ते दुपारच्या खेळाची तीन तिकिटं घेऊन आले, तेव्हा आम्ही निमूट निघालो.

सिनेमा त्यांच्या तरुणपणातला, रहस्यपट. डोंगरावरच्या एका दवाखान्यात दोन बायका शेजारशेजारच्या खाटांवर असतात. गंमत म्हणून एकमेकींच्या साड्या नेसतात, त्याच दुपारी दवाखान्याला आग लागते आणि एक जाते. उरलेलीच्या तोंडावर पट्ट्या. साडीवरून ओळख पटवून तिला भलत्याच घरी नेतात, आणि तीही मेलेल्या बाईचं आयुष्य मुकाट्याने जगू लागते. पट्ट्या सुटतात तरी नवरा काही बोलत नाही.

हा सिनेमा आईने लग्नाआधी सायखेड्याला जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. तेव्हा दोघी सारख्याच करड्या दिसायच्या, कोण कोणती ते शेवटपर्यंत कळायचं नाही आणि भीती वाटायची, असं ती म्हणाली. आता एकीला लाल साडी दिली होती आणि एकीला निळी. आप्पा रंगांवर जाम खूश होते, फक्त तो नवरा त्यांना पटला नव्हता. स्वतःची बायको ओळखू येत नाही म्हणजे काय, असं ते रिक्षात दोनदा म्हणाले.

"वळखू येत आसंल," आई म्हणाली. "बोलत नसंल."

आठवड्याभरात भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो गायब झाला. काच बदलायला दिलाय, असं आप्पांनी सांगितलं, पण खोटं बोलताना त्यांना हसू यायचं. पंधरा दिवसांनी ते एक मोठं पाकीट काखोटीला मारून आले, आईला हात पुसून समोर बसायला लावलं आणि फोटो तिच्या मांडीवर ठेवला. रंगीत.

मी आईच्या खांद्यावरून पाहिलं आणि अंगावर काटा आला. मोरपंखी शालू, राणी रंगाचे काठ, गुलाबी गाल. नाक आईचं होतं, डोळे आईचे होते, पण त्या डोळ्यांतून बघणारी बाई आई नव्हती. थोड्या वेळाने कळलं, हनुवटीवर डाव्या बाजूला एक ठसठशीत तीळ होता. आईच्या चेहऱ्यावर तीळ औषधालाही नाही.

आईने फोटो बराच वेळ पाहिला. मग तो दिवाणावर पालथा ठेवला आणि आत जाऊन कुकर लावला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. आवडला नाही वाटतं, म्हणाले.

मला भांडायला फार लागत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर मेन रोडवरच्या त्या स्टुडिओत गेले आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला चांगलं फैलावर घेतलं. लोकांच्या आयांना वाटेल तिथे तीळ लावायला ही काय रंगपंचमी आहे का, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. अक्षर आप्पांचं होतं आणि भाषाही त्यांच्या कचेरीतली: शालू मोरपंखी, काठ राणी. हनुवटीवर डावे बाजूस तीळ आहे, तो मूळ फोटोत उठलेला नाही, तरी घालणे.

काका दोनदा येऊन तपासून गेले, तो म्हणाला. पहिल्यांदा तीळ जरा खाली पडला होता, तो त्यांनी वर घ्यायला लावला. मी माफी न मागताच बाहेर पडले, त्याचं अजून वाईट वाटतं.

घरी आई मेथी निवडत होती. मी चिठ्ठीचं सांगितलं तरी तिचे हात थांबले नाहीत. तिने जे सांगितलं ते कुणी माझ्यापासून लपवलं होतं असंही नाही, मी कधी विचारलं नव्हतं इतकंच. आप्पांचं आधी एक लग्न झालं होतं. ती घोटीची. दीड वर्षात काविळीने गेली. मोरपंखी शालू तिचा, तीळही तिचाच. त्या लग्नाचा फोटो आजीने गोदावरीत सोडला आणि सायखेड्याहून आईला आणलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, तिथे आजीने त्या गेलेल्या मुलीचंच नाव लिहायला लावलं. पहिल्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर ते घालून झालं होतं, आणि मुलाच्या तोंडीही तेच बसलं होतं.

म्हणजे मी जन्मापासून त्या घोटीच्या बाईच्या ताटात जेवत होते आणि पेल्यावरचं नाव आईचं समजत होते. पितृपक्षात नवमीला आई दरवर्षी एका सवाष्णीला जेवू घालून साडी द्यायची. ती कुणासाठी, हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं ती स्वतःच्याच नावाने पान वाढत आली होती. हे ऐकताना दिवे लागलेले असूनही मला त्या स्वयंपाकघरात बसवेना.

"नाव दिलं, भांडी दिली, मी काय बोलले नाय," आई म्हणाली. "पण त्या फोटोत मी व्हते. तेवढीच एक जागा माझी व्हती."

तिचा शालू अंजिरी होता, जरीच्या काठांचा. ते मी स्टुडिओत जाऊन सांगितलं, तीळ काढायला लावला आणि नवा फोटो जुन्या खिळ्याला टांगला. आप्पा त्याच्यासमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग आईकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "तुझा तीळ कुठे गेला?"

ते थट्टा करत नव्हते. रोजच्या खुंटीवर छत्री नसावी, तसे ते तिच्या हनुवटीकडे बघत होते.

डॉक्टरांनी पुढे या आजाराला नाव दिलं आणि गोळ्याही दिल्या, पण पहिले काही आठवडे आम्हाला वाटलं की ते रुसलेत. मग ते आईला अहोजाहो करू लागले. तिने पान वाढलं की संकोचून जायचे. बाई, तुम्ही कशाला त्रास घेता, हिला पाठवा ना, असं म्हणून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे. मीही बघायचे. दारात कुणी नसायचं, पण त्या दाराकडे पाठ करून बसायचं मी सोडून दिलं.

आईने नेट लावला. रोज त्यांच्यासमोर बसून ती आपलं माहेरचं नाव सांगायची, सायखेडा सांगायची, नदीकाठचं तिच्या वडिलांचं उसाचं शेत सांगायची, माझ्या जन्माची हकीकत सांगायची. मी ती नाय, म्हणायची. आप्पा पाहुण्याचं ऐकावं तसं सगळं अदबीने ऐकून घ्यायचे आणि भरलं पान सोडून उठायचे. मी भरवलं तर चार घास जायचे, तेही दाराकडे बघत. महिन्याभरात सदरा अंगावर लोंबायला लागला.

माझं मत ठाम होतं आणि मी ते आईला उठताबसता ऐकवत होते. आयुष्यभर गप्प बसलीस, आता मागे हटू नकोस. मला बोलायला काय जात होतं? समोर वाळत चाललेला माणूस तिचा नवरा होता, आणि तो फोटोतल्या त्या नवऱ्या मुलाइतकाच तिला हवा होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका रविवारी दुपारी आप्पा आणि मी पानावर बसलो होतो. त्यांचे हात मांडीवर. आई पोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आली. साडी रोजचीच होती, पण हनुवटीवर डाव्या बाजूला काजळाचा ठिपका होता. मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, ती आप्पांच्या पानाशी वाकली.

आप्पांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "कुठे होतीस इतके दिवस?"

आईने पोळीवर तूप घातलं, ती चतकोर घडी करून त्यांच्या पानात ठेवली.

"माहेरी गेले होते," ती म्हणाली. "घोटीला."

मला तिचा इतका राग आला की घास गिळवेना. आप्पा पोटभर जेवले.