अँब्रोझचं गाणं

कॅपलिन आर्म या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या गावात अँब्रोझ वॉडनच्या जिभेला सगळे टरकून असत. माणूस कॉड मासळीवर पोट भरणारा, चारचौघांसारखाच. पण कुणाची फजिती झाली की दोन दिवसांत त्याचं गाणं तयार. पाद्रीबुवा धक्क्यावरून पाण्यात पडले तेव्हाही त्यानं त्यांना सोडलं नव्हतं. ज्याच्यावर गाणं, तोही हसायचा. गावाची रीतच होती ती.

विमानानं अटलांटिक अजून कुणी ओलांडला नव्हता, तेव्हाची गोष्ट. कॅप्टन टॅरंट नावाचा इंग्रज वैमानिक गावात उतरला. इथून उडायचं ते थेट आयर्लंडला, मध्ये नुसता समुद्र. गावानं त्याच्यासाठी टेकडीमागचं माळरान साफ करून दिलं. दगड उचलणाऱ्यांत अँब्रोझही होता. विमान पेट्यांतून आलं, जोडलं गेलं, आणि मग सुरू झालं वाट बघणं. आज वारा उलटा, उद्या धुकं, परवा इंजिन खोकतंय. कॅप्टन रोज सकाळी माळावर जायचा, आकाशाकडे बघायचा आणि परत यायचा.

"काय कॅप्टनसाहेब, आज?" धक्क्यावरून कुणीतरी हाक मारायचं.

"उद्या बघू," तो म्हणायचा.

ते 'उद्या बघू' अँब्रोझच्या हाती आयतंच सापडलं. मासेमारांच्या हॉलमध्ये शनिवारी नाचगाणं होतं. कॅप्टन पुढच्याच बाकावर बसला होता. अँब्रोझ उभा राहिला, टोपी मागे सारली आणि सुरू झाला:

"साहेबांचं पाखरू रोज पंख पुसून बसतं,
वारा आला की पोट धरतं, ऊन पडलं की रुसतं."

हॉल नुसता खदखदून हसत होता. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आणि मग शेवटचं कडवं:

"समुद्र म्हणतो, 'आज ये', हा म्हणतो, 'उद्या बघू',
बायकोच्या झग्यात शिरून म्हणतो, 'इथेच जगू!'"

कॅप्टनही हसला. टाळ्या वाजवल्या, अँब्रोझशी हात मिळवला. पण त्याचे कान लालबुंद झाले होते. ते पाहिलं फक्त अँब्रोझच्या बायकोनं, ड्रुसीनं.

"शेवटचं जरा जास्तच झालं हं," ती वाटेत म्हणाली.

"अगं, हसला की तो!"

"तोंड हसलं त्याचं."

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना सुटली आणि टेकडीमागून इंजिनाचा आवाज आला. वारा म्हणावा तसा नव्हता, पूर्वेला धुक्याची भिंत उभी होती. लोक धावत माळावर पोचले तेव्हा विमान सुटलं होतं. उड्या मारत मारत ते अगदी कड्याजवळ गेलं, आता जातंय खाली असं वाटलं, आणि उचललं गेलं. लोकांनी टोप्या उडवल्या. अँब्रोझनं सगळ्यांत उंच उडवली. विमान धुक्यात शिरलं.

आयर्लंडला ते पोचलंच नाही. जहाजांनी शोधलं, लाकडाचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

गावात अँब्रोझला कुणी बोल लावला नाही. उलट समजूतच घातली. किनाऱ्यावर पुढे दुसरं एक विमान तयार होतं, त्याच्या आधी पोचायची कॅप्टनला घाई होती, असं तारमास्तर म्हणाला. पाद्रीबुवा म्हणाले, "गाण्यानं कुणी समुद्र ओलांडायला निघतं का, अँब?"

"नसेल निघत," अँब्रोझ म्हणायचा. "पण मग दुसऱ्याच दिवशी का?"



पुढच्या उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणाऱ्या बोटीनं मिसेस टॅरंट आली. किरकोळ बांध्याची, पटपट चालणारी बाई. माळावर आता मेंढ्या चरत होत्या. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. मग हॉलमध्ये तिच्यासाठी चहा ठेवला होता. सगळे खाली मान घालून पाव आणि रानफळांचा मुरांबा खात होते. एकदम तिनं विचारलं, "इथे माझ्या नवऱ्यावर, ह्यूवर, कुणी गाणं केलं होतं म्हणे?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"मी केलं होतं, बाईसाहेब," अँब्रोझ दाराजवळून म्हणाला.

"म्हणून दाखवाल?"

"ते... थट्टेचं आहे."

"म्हणूनच. वर्षभर सगळे त्याच्याविषयी चर्चमध्ये असल्यासारखे बोलताहेत. मला माझा नवरा दिसेनासा झालाय त्यात. त्याची कुणी खोडी काढलेली ऐकायचीय मला."

अँब्रोझनं गाणं म्हटलं, घोगऱ्या आवाजात. पंख पुसणाऱ्या पाखराशी येताच ती हसायला लागली. "अगदी असाच होता हो! घरी मोटारसुद्धा अशीच पुसत बसायचा!" हसता हसता डोळे वाहायला लागले, तरी हसतच राहिली. अँब्रोझ शेवटच्या कडव्यापाशी आला आणि थांबला.

"एवढंच?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"एवढंच."

हॉलमध्ये प्रत्येकाला ते कडवं पाठ होतं. सगळे पुन्हा पावाला मुरांबा लावू लागले.

सकाळी तिची बोट सुटायच्या आधी अँब्रोझ धक्क्यावर गेला. शेवटच्या कडव्यासकट सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेला होता. पण तिनंच आधी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्यामुळे वर्षभरात पहिल्यांदा हसले मी," ती म्हणाली. त्यानं टोपी काढून मान लववली. बोट निघून गेली.

"सांगितलंस?" ड्रुसीनं विचारलं.

"तिचं हसू कसं काढून घेऊ?" तो म्हणाला. पण आपण तिच्यासाठी गप्प बसलो की स्वतःसाठी, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही. त्यानंतर त्यानं एकही गाणं रचलं नाही. लोकांनी दोनेक हिवाळे आग्रह केला, मग सोडून दिला.

खूप वर्षांनी पर्सी हिस्कॉक नावाच्या पोरसवदा गड्यानं शाळेच्या नव्या मास्तरच्या तोतरेपणावर गाणं केलं. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. म्हातारा अँब्रोझ उठून बाहेर गेला. पर्सी मागोमाग धावला.

"काका, वाईट झालं का गाणं?"

"छे. छान झालं. माझ्यापेक्षा छान."

"मग उठलात का?"

"मास्तर कुठाय?"

पर्सीनं आत डोकावून पाहिलं. मास्तरची जागा रिकामी होती.

"जा, गाठ त्याला," अँब्रोझ म्हणाला. "आत्ताच जा. उद्या नको."