बाळासकट तिसरा नंबर

आमच्या घरात माझं पळणं नवऱ्याच्या पाळीवर ठरायचं. हे डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात होते. त्यांची पहिली पाळी असली की पहाटे डबा करून द्यायचा आणि मी संध्याकाळी पळायचं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ माझी. रात्रपाळी संपवून ते घरी येत तेव्हा मी बूट घालून दारातच उभी असे. मग अर्धवट झोपेत ते मोठ्या मुलीच्या वेण्या घालायला बसत. सुरुवातीला एक वेणी कानाच्या वर आणि दुसरी खाली असायची. पुढे इतक्या सुरेख घालू लागले की तिच्या शाळेतल्या बाईंनी मला शाबासकी दिली. ती मी घरी आणून त्यांना पोचवली.

ठाण्याला कॉलेजात असताना मी लांब पल्ल्याचं पळायचे. लांब म्हणजे तीन हजार मीटर. त्यापुढे आम्हा मुलींना कोणी पळवतच नसे. लग्न होऊन डोंबिवलीला आले ती बूट माहेरी कळव्यालाच ठेवून. मोठी मुलगी चालायला-बोलायला लागली, त्या सुमारास पेपरात वाचलं की आता बायकाही मॅरेथॉन पळतात, पूर्ण बेचाळीस किलोमीटर. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. जेवताना मी म्हटलं, "मला जमेल हे." सासूबाई आमटी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "मग बूट आण जाऊन कळव्याहून."

सासूबाई राजापूरकडच्या. तोंडावर कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एखादी गोष्ट करायची ठरली की ती नीट करायची, एवढंच त्यांना कळायचं.

मी पंजाबी ड्रेस घालून मानपाडा रस्त्याने काटईच्या बाजूला पळत जायचे. लग्न झालेली, मंगळसूत्र घातलेली बाई रस्त्याने धावतेय म्हटल्यावर लोकांना काहीतरी विपरीत घडल्यासारखंच वाटायचं. एकदा एक रिक्षावाला माझ्या बरोबरीने हळूहळू रिक्षा चालवत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, कोणाला दवाखान्यात नेलंय का? बसा, सोडतो. पैसे नकोत." मी म्हटलं, "तसं काही नाही, दादा. सराव करतेय." कसला सराव ते त्याला कळलं नसावं. पण पुढे तोच रिक्षावाला मी दिसले की बाकीच्यांना हॉर्न देऊन माझ्यासाठी रस्ता मोकळा करायला लागला.

दोन-तीन शर्यती पळून झाल्या, नंबर हळूहळू वर सरकत गेला आणि मग दुसरं बाळंतपण आलं. मुलगा झाला. तो सहा-सात महिन्यांचा असताना ठाण्यात मोठी मॅरेथॉन होणार असं कळलं. त्यातल्या पहिल्या तिघींना राज्याच्या संघात घेणार होते. बाळंतपणानंतर मी सराव सुरू केला होता, पण बाळ अंगावर पीत होतं.

"यंदा राहू दे," मी म्हटलं.

"का?" सासूबाईंनी विचारलं. "त्याला बघायला मी आहे. पळायला मात्र तूच लागशील."

शर्यत तलावपाळीपासून सुरू होऊन माजिवड्यावरून घोडबंदर रस्त्याने पुढे जायची, तिथून उलट फिरून परत तलावपाळी, आणि मग तोच फेरा पुन्हा एकदा. म्हणजे माजिवड्याचा नाका जाता-येता चार वेळा लागणार होता. ठरलं असं, की सासूबाईंनी बाळाला घेऊन नाक्यावर थांबायचं आणि हे रात्रपाळी संपवून, शेजारी ठेवलेल्या मुलीला घेऊन थेट शेवटच्या रेषेपाशी येणार. मी निघण्याआधी बाळाला पोटभर पाजलं. सासूबाईंच्या पिशवीत नाचणीचं सत्त्व करून दिलं.

पहिल्यांदा नाक्यावरून गेले तेव्हा बाळ झोपलेलं होतं. परत येताना जागं होतं, खेळत होतं. तलावपाळीला वळसा घालून दुसऱ्या फेरीला निघाले तेव्हा बायकांत मी तिसरी होते आणि पाय छान चालले होते. पण छाती दाटून दगडासारखी झाली होती, दर पावलाला कळ यायची आणि टी-शर्ट पुढून ओला झाला होता. तिसऱ्यांदा नाका जवळ आला आणि बाळाचं रडणं मला लांबूनच ऐकू आलं. सत्त्वाचा एक चमचाही त्याने पोटात जाऊ दिला नव्हता. रडून रडून काळंनिळं पडलं होतं.

सासूबाई रस्त्याच्या कडेला आल्या. "बस इथे. पाज त्याला. शर्यत कुठे पळून जात नाही."

"आई, ती पळूनच चाललीय," मी म्हटलं, पण बसले.

तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेले, शर्यतीवर लक्ष ठेवणारे एक पंच धावत आले. "काय झालं बाई? सोडताय का?"

"सोडत नाही," सासूबाईंनीच उत्तर दिलं. "लेकराला पाजतेय."

ते गृहस्थ गडबडले. मग म्हणाले, "रस्ता सोडून लांब जाऊ नका. जिथून बाजूला झालात, बरोब्बर तिथूनच पुन्हा सुरू करा." एवढं सांगून ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि जमू लागलेल्या लोकांना मागे हटवू लागले. मासळीची पाटी घेऊन निघालेली एक कोळीण तिथे उभी होती. तिने पाटी खाली ठेवली, खांद्यावरचा मोठा टॉवेल दोन्ही हातांनी पसरला आणि माझ्यापुढे आडोसा धरला. "पाज गो पोराला," ती म्हणाली. "मी हाय हितं."

टॉवेलाच्या खालून मला रस्ता दिसत होता. आधी एकीचे पाय गेले, मग दुसरीचे. मी पाचवी झाले. बाळ मात्र हुंदके देत देत पीत होतं आणि त्याची मूठ माझ्या टी-शर्टात घट्ट होती. मी उठायला बघत होते तर सासूबाई खांद्यावर हात दाबून म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूलाही घे. अर्धवट काम नको." त्यांचं बरोबर होतं. दोन्हीकडून पाजल्यावर माझी छाती हलकी झाली, आणि बाळाचे डोळे मिटले.

उभी राहिले तर पायांची लाकडं झालेली. पहिली दोन-तीनशे पावलं मी पळाले असं म्हणता येणार नाही. मग हळूहळू अंग मोकळं झालं. कळ थांबली होती, कानातलं रडणं थांबलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी मला मागे काहीच ओढत नव्हतं. चढावर एकीला गाठलं. परतीला शेवटच्यांदा नाका आला तेव्हा सासूबाईंनी झोपलेलं बाळ नुसतं वर उचलून दाखवलं. दुसरी मला तलावपाळी दिसू लागल्यावर सापडली. तिच्या पुढे गेले तेव्हा रेषेपलीकडे हे दिसले, मुलीला खांद्यावर घेऊन. मी तिसरी आले.

तेवढ्यावर भागलं नाही. चौथ्या आलेल्या मुलीच्या प्रशिक्षकांनी तक्रार केली की ही बाई मध्ये बसली, तिने बाहेरच्यांची मदत घेतली, हिला बाद करा. मुलगी बिचारी मान खाली घालून उभी होती. माजिवड्याच्या त्या पंचांना बोलावलं गेलं. ते शांतपणे म्हणाले, "मी तिथेच होतो. जिथून थांबल्या तिथूनच निघाल्या. मदत झाली असेल तर ती बाळाला झाली, यांना नाही. यांचा तर वेळच गेला." कोणी हसलं, मग सगळेच हसले, आणि माझा नंबर कायम राहिला. चौथी आलेली मुलगी नंतर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाळ बघू?"

संघात निवड झाल्यावर शिबिरात बाळ चालणार नाही असं कळवण्यात आलं. सासूबाई म्हणाल्या, "शिबिरात नको असेल तर शिबिराबाहेर ठेवू." शिबिराच्या मैदानासमोर एका ओळखीच्यांच्या घरी त्या बाळाला घेऊन राहिल्या. इकडे यांनी घर आणि मोठी मुलगी सांभाळली. आमच्या राज्याच्या बायकांचा संघ त्या वर्षी देशात दुसरा आला. माझा स्वतःचा नंबर बराच खाली होता, पण संघाच्या गुणांत माझेही गुण होते. गळ्यात पदक घालून घरी आले तेव्हा सासूबाईंनी ते हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं जड आहे."

नव्वदच्या दशकात आमच्या इमारतीतल्या बायका एकेक करून माझ्याबरोबर यायला लागल्या. आधी शेजारची, मग तिची जाऊ, मग खालच्या मजल्यावरची बँकेतली. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जणी काटईकडे निघत असू. बँकेतल्या बाईंचं वय चाळिशीच्या पुढे, शाळा सुटल्यापासून त्या कधी धावल्याच नव्हत्या. सुरुवातीला दर विजेच्या खांबापाशी थांबायच्या. एका रविवारी त्या कुठेच थांबल्या नाहीत. काटईला पोचल्यावर कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या राहिल्या, मागे वळून आलेल्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब मी आले?"

"तुम्हीच आलात," मी म्हटलं.